अनोळखी दिसला की अडवा

गूगल डीपमाइंडच्या अल्फामिसेन्स या एआय यंत्राने २०२३ साली माणसाच्या प्रथिनांतल्या ७ कोटी १० लाख संभाव्य बदलांपैकी ८९ टक्क्यांचा निकाल एका दमात लावून टाकला. तज्ज्ञांना तोवर जेमतेम ०.१ टक्क्याचा लावता आला होता. बिचारे मध्येमध्ये पेशंटही तपासत होते ना!

रीत सुटसुटीत आहे. प्रत्येक बदलाला ० ते १ मध्ये गुण. ०.३४ च्या खाली तो सोज्वळ, ०.५६४ च्या वर उपद्रवी, मधल्यांबद्दल मौन. यंत्राची शिकवणी मात्र सोसायटीच्या वॉचमनच्या तालमीतली. जो बदल माणसांत नि माकडांत सर्रास येताजाता दिसतो तो घरचा. जो कधी दिसलाच नाही, त्याच्यावर डोळा. आता गोची अशी की जगातल्या जनुकीय नोंदवह्यांत भरणा युरोपीय वंशाच्या लोकांचा. माकडांची हजेरी लागली आहे, सातारकरांची शोधावी लागेल. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचले खरे, पण १४० कोटींत ते कुठे पुरणार?

बरं, प्रथिन बिघडेल का, एवढंच हे यंत्र सांगतं. आजार कधी होणार, होणार की नाही, यावर चकार शब्द नाही. ती उणीव चकचकीत रिपोर्ट विकणारे भरून काढतात. आकडा लाल रंगात, ठळक. आणि तळाला मुंगीच्या अक्षरांत, ‘वैद्यकीय सल्ला समजू नये’. तो सल्ला घ्यायला गिऱ्हाईक रात्रभर जागून सकाळी डॉक्टरकडे जातं. त्याची फी वेगळी.