बाईंचा राउंड

बाई गेल्यापासून आमच्या नर्सिंग कॉलेजात सगळे जरा सैल चालतात. पूर्वी कॉरिडॉरमध्ये बाई दिसल्या की प्राध्यापकसुद्धा पाठ ताठ करत. तुम्ही 'नमस्कार' म्हणायच्या आत तुमचा रंग, दम आणि घोट्यावरची सूज त्यांनी टिपलेली असे.

बाई मूळच्या मिरजेच्या. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात शिकल्या आणि तिथली शिस्त मिशिगनच्या बर्फात घेऊन आल्या. थंडीत इथल्या नोव्हाय शहरातली मराठी मंडळी ट्वेल्व्ह ओक्स मॉलमध्ये फेऱ्या मारतात. बाकीच्यांची नजर सेलच्या पाट्यांवर, बाईंची लोकांच्या चालीवर. एका अनोळखी गृहस्थांना त्यांनी अडवलं, "डावा पाय ओढताय, कधीपासून?" ते गडबडून म्हणाले, "बूट नवीन आहेत." बाईंनी बूट काढायला लावून खात्री केली.

एकदा गणपतीच्या ढोल-ताशाच्या तालमीला आल्या, घड्याळ लावून बसल्या आणि ओरडल्या, "थांबा! हाच ठेका!" हृदय बंद पडल्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल छाती दाबायची असते. बाईंनी गाडीतून सरावाचा पुतळा आणला (तो त्यांच्या डिकीतच राहायचा), जमिनीवर निजवला आणि ढोलवाल्यांना एकेक करून गुडघ्यावर बसवलं. ताशा चढला की दटावत, "तू वाढवलास, पेशंट गेला." त्या वर्षी मिरवणुकीत पथक फारच रटाळ वाजलं. पण छाती दाबता येत नाही असा एकही वादक उरला नाही.

वर्गात त्यांचा आवडता विषय म्हणजे वेदना शून्य ते दहामध्ये मोजण्याची पद्धत. अमेरिकन पोरांना त्या बजावत, "आमच्या आजीला आकडा विचारलात तर ती म्हणेल, 'तुझं जेवण झालं का, बाळ?' म्हणून शून्य लिहून मोकळे होऊ नका. कूस बदलताना तिचं तोंड बघा." दुसरा राग भेटायला येणाऱ्यांवर. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९च्या पुस्तकात रोग्याला पोकळ धीर आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवर अख्खं प्रकरण लिहिलंय. बाईंच्या मते ते आपले नातेवाईक बघूनच लिहिलेलं. इंग्लंडातही आत्या-मावश्या असणारच, हे त्यांना पटत नसे.

मग बाई स्वतःच आजारी पडल्या. धीर द्यायची माझी टाप नव्हती. मी मुकाट बसून राही. औषध द्यायला आली ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. गोळी देण्याआधी नाव आणि जन्मतारीख विचारायची, हा नियम तिला बाईंनीच घोटून शिकवलेला. ओळखीच्या बाईंना काय विचारायचं, म्हणून ती जरा घुटमळली. बाईंनी तोंड गच्च मिटलं. तिने विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "१२ मे १८२०."

ही नाइटिंगेलची जन्मतारीख. पोरगी हसली, पण हसता हसता मनगटावरची पट्टी उलटून नीट वाचली आणि मगच गोळी दिली.

ती बाहेर गेल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "पट्टी वाचली, छान. पण आत येताना हात चोळले ते जेमतेम पाच सेकंद. अर्धा मार्क कापलाय. तू सांगू नकोस गं, मी सांगते संध्याकाळी."