वाऱ्याचा काच

दिवाळी सरली की आमच्या नरखेड तालुक्यात दोन पिकं तोडणीला येतात. एक आंबिया बहाराचा संत्रा आणि दुसरं, लडाखला निघालेला तरुण. यातला संत्रा खरोखर बाहेरगावी जातो.

तरुण लांबून ओळखू येतो. गाडीच्या मागे ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या, मुठींना हँडगार्ड आणि समोर हातभर उंच काच. पेट्यांत काय? एकीत रेनकोट. दुसरीत पहिलीची किल्ली.

काच कंपनीची नाही, बाहेरची. कंपनीची होती, पण ती वीतभर. ती आता घरी माळ्यावर आहे. तिथे वारा लागत नाही.

‘काहून लावली बे एवढी मोठी काच?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘छातीवर हवा लागते ना भाऊ!’ लागत असेल. पण कुठे? नरखेड–काटोल रस्त्यावर, पुढे संत्र्याचे क्रेट भरलेला मेटॅडोर, मागे ट्रॅक्टर आणि मधे गतिरोधक. या रस्त्यावर वाऱ्यालाच आपला धक्का लागत नाही.

शाळेत शिकवलेलं गणित आठवा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा मार चौपट होतो. म्हणजे शंभरवरून पन्नासवर आलात की चार आण्यांचा वारा उरतो. पण अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात ब्रेक सुटा विकायला ठेवत नाहीत.

बरं, शंभरवर न्यायची कुठे? केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार चौपदरी रस्त्यावरही दुचाकीला कमाल वेग ताशी ८०. आणि नागपुरातून निघणारा सरळसोट, मोकळा, ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग? त्यावर दुचाकीला बंदी.

जिथे काच लागेल तिथे जाता येत नाही, जिथे जाता येतं तिथे काच लागत नाही.

तरी पोरांनाच नावं ठेवू नका. हा आजार आंतरराष्ट्रीय आहे. अमेरिकेतल्या क्रेग व्हेटरने १९७१ मध्ये ‘विंडजॅमर’ नावाचं कवच बाजारात आणलं. कुठल्याही मोठ्या गाडीच्या तोंडावर बसवा आणि निघा. होंडाची गोल्डविंग १९७५ मध्ये विक्रीला आली ती उघडीबोडकी. लोक तिला बाहेरचं कवच चढवत राहिले. कारखान्यातून कवच घालून ती आली १९८० मध्ये. गिऱ्हाइकाला छाती असते, हे कळायला पाच वर्षं लागली.

आपल्याकडे? बजाजची डॉमिनार आली २०१६च्या डिसेंबरात. उंच काच, हँडगार्ड, कॅरिअर असा सगळा टुरिंगचा संसार कारखान्यातूनच बसून आला २०२१ मध्ये. पुन्हा पाच वर्षं. नियोजन आयोग गेला. पंचवार्षिक योजना कंपन्यांनी चालू ठेवली.

आणि त्याही आधी? घरोघरी चेतक होती. पुढच्या पत्र्यामागे गुडघे झाकलेले असायचे. हौशी लोक हँडलवर पारदर्शक काचही उभी करायचे. ज्यांना काच परवडत नव्हती ते पोरगं उभं करायचे. वडिलांच्या छातीसमोर, दोन्ही हातांनी हँडल धरून. ते काम मी पाच वर्षं केलं. उंची वाढली तेव्हा मला काढून मागच्या सीटवर टाकलं आणि धाकट्याला बसवलं.

असो. काच लागली, पोरगा खूश. छाती शांत. मग पुढच्या राइडला नवीनच सुरू झालं. हेल्मेटचा डमरू!

छातीवरचा वारा गेला कुठे? तो काही परत काटोलला जात नाही. काचेच्या वरच्या कडेवरून उसळतो, गिरक्या घेतो आणि थेट हेल्मेटवर येतो. मान दुखते, कान भणभणतात, नजर थरथरते. वाऱ्याचा काच सुटावा म्हणून काच लावली. आता काचेचाच काच.

उपाय? आणखी उंच काच. आता रस्ता काचेवरून नाही, काचेतून दिसतो. म्हणजे पाऊस काचेवर, धूळ काचेवर, किडे काचेवर आणि रात्री समोरच्या ट्रकचे दोन दिवे काचेवर चार होतात. मग दुकानदार सांगतो, काचेच्या डोक्यावर क्लिपने एक छोटी काच लावा. सासू ऐकत नाही म्हणून घरात आजेसासू आणायची.

त्यात ती काच, काच नसतेच. पॉलिकार्बोनेटची असते किंवा ॲक्रिलिकची. आपला मेकॅनिक प्रेमळ. डाग दिसला की पेट्रोलमध्ये बुडवलेली चिंधी फिरवतो. तिसऱ्या महिन्यात प्लास्टिकवर जाळी धरते. मालकाचं वय पंचवीस, काचेला मोतीबिंदू.

हे सगळं रामायण जलालखेड्याच्या टपरीवर चालू होतं. बाजूला एक संत्रावाले काका बशीत चहा ओतून पीत होते. त्यांनी काचेकडे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘भिंत बांधली का हवा वरून उडी मारते जी. हवा अडवाची नाही, गाळाची असते.’

पोरगा हसला. मी नाही हसलो.

कारण काका बरोबर होते. ज्या बाजूने वारा येतो तिकडे बागाईतदार झाडांची ओळ लावतो. शेवरी, सुरू, बांबू, जे जमेल ते. भिंत का नाही बांधत? पैसा नाही म्हणून नव्हे. भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरे करून झाडं झोडपतो. झाडांची ओळ थोडा वारा आत येऊ देते. मागची बाग लांबवर शांत राहते. मोहोर टिकतो, फळ गळत नाही. काकांनी विंड टनेल पाहिलेला नाही. ते त्यातच राहतात.

गाडीचंही तेच. काच आणि हेडलाइटच्या मधे चार बोटांची फट ठेवली की खालून थोडी हवा आत शिरते, काचेमागची पोकळी भरते आणि हेल्मेटवरचा डमरू मंदावतो. पण छातीवर वारा नको म्हणून पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला ‘थोडा येऊ द्या’ हे सांगणार कोण?

ओळखायचं कसं? मोकळा, सरळ रस्ता बघा आणि जागेवरून वीतभर उठा. डोकं वरच्या स्वच्छ वाऱ्यात गेलं, डमरू थांबला? मग दोष हेल्मेटचा नाही, काचेचा. पुन्हा बसा आणि घरी जाऊन माळा चढा. ती कंपनीची वीतभर काच तिथेच आहे.

आणि उन्हाळ्यात काय? नागपूर पंचेचाळीसवर गेलं की वारा अंगापेक्षा गरम. तो थंडावा देत नाही, भाजतो. म्हणजे विदर्भात काचेची खरी गरज लडाखी थंडीला नाही, मे महिन्यातल्या लूला आहे. पण मे महिन्यात पोरगं राइडला जातच नाही. ऊन असतं ना!

ज्यांना जावंच लागतं ते डोक्याला, तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळतात आणि खिशात कांदा ठेवतात. कांद्याने ऊन लागत नाही म्हणे. आजवर कुणाची तक्रार आलेली नाही. ज्यांना लागलं, ते तक्रार करायला आले नाहीत.

आता तो दुसरा माणूस पाहा. पहाटेचे पाच. मोवाडकडून शंभर सीसीची गाडी येते. हेडलाइट मिणमिणता, मागे दुधाचे कॅन. काच नाही, हँडगार्ड नाही. कानटोपी, वर मफलर. येऊन-जाऊन रोज साठ किलोमीटर, म्हणजे वर्षाला वीसेक हजार. इथून चारदा लेहला जाऊन यावं एवढं अंतर. त्याला कुणी रायडर म्हणत नाही. दूधवाला म्हणतात.

त्याचं विंडशील्ड माहीत आहे? शर्टावर आडवा लावलेला पेपर आणि त्यावर स्वेटर. कागदातून वारा आत शिरत नाही, घड्यांमधे अडकलेली हवा ऊब धरते. यालाही मागासलेपणा म्हणू नका. फ्रान्सच्या सायकल शर्यतीत घाट चढून आलेले पैलवान उताराला लागण्याआधी प्रेक्षकांकडून पेपर घेऊन जर्सीत खुपसत. तिकडे ते केलं की परंपरा, इकडे केलं की गरिबी.

तेव्हा हे सदर पटलं नाही तरी रद्दीत टाकू नका. दुहेरी घडी घाला, छातीवर लावा आणि निघा. डमरू वाजत नाही, मोतीबिंदू होत नाही आणि दर आठवड्याला नवीन मिळतं.

फक्त अग्रलेखाचं पान बाहेरच्या बाजूला ठेवा. ते आधीच थंड असतं.