दोनदा फुकट

मँचेस्टर युनायटेडचा व्यवहार पाहून मंडईतला भाजीवालाही हात जोडेल. २०१२ मध्ये करार संपला आणि पोल पोग्बा जवळजवळ फुकटात युव्हेंटसला गेला. २०१६ मध्ये तोच पोरगा त्यांनी ८.९ कोटी पौंडांना परत आणला; तेव्हाचा जागतिक विक्रम! मग सहा वर्षं चर्चा कशाची? केसांच्या रंगाची, प्रशिक्षक मोरिन्योशी झालेल्या बेबनावाची, दुखापतींची. दोन करंडक आले, नाही असं नाही. पण २०१८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्ससाठी गोल ठोकणारा पोग्बा ओल्ड ट्रॅफर्डला येताना बहुधा पॅरिसलाच उतरत असे. २०२२ मध्ये करार पुन्हा संपला, गडी पुन्हा फुकट. कुणाकडे गेला? युव्हेंटसनं पावतीसुद्धा जुनीच वापरली असावी.