गळा चांगला आहे, पण…

थंडीत मेथी स्वस्त होते आणि आमच्या घरी ती चार-चार जुड्यांनी येते. निवडायचं काम माझं. रविवारी सकाळी पुढ्यात जुनं वर्तमानपत्र, बाजूला परात, कानात गाणी, असा माझा संप्रदाय. त्या रविवारी इयरफोनचा एक कान गेला होता, म्हणून मोबाइल पितळी परातीत टेकवून ठेवला. परातीत ठेवलेला मोबाइल किती ओरडतो हे ज्यांनी करून पाहिलंय त्यांना सांगायला नको. सासूबाई चष्मा शोधत बाहेर आल्या, थबकल्या आणि चांगली दोन मिनिटं ऐकत उभ्या राहिल्या.

“गळा चांगला आहे गं हिचा,” त्या म्हणाल्या. “पण मागे भांडण का चाललंय?”

वीस वर्षं मी हे संगीत ऐकतेय. सिंफनिक मेटल असं त्याचं भारदस्त नाव आहे. त्याची याहून नेमकी व्याख्या मला कुणी सांगितली नव्हती. मागे खरोखरच भांडण असतं. गिटारी करवतीसारख्या चालतात, ड्रमवाला दोन्ही पायांनी पेडल बडवत असतो, त्यावर व्हायोलिनांचा ताफा, त्यावर एखादं वृंदगान, बहुधा कुणाला न कळणाऱ्या लॅटिनमध्ये. आणि या सगळ्याच्या पुढे पायघोळ झगा घातलेली एक बाई ऑपेराच्या तालमीतला आवाज लावून उभी. गल्लीत दोन लग्नांच्या वराती समोरासमोर आल्या आहेत आणि त्यांच्या मधोमध कुणीतरी निवांत नाट्यपद म्हणतंय, अशी कल्पना करा.

आमच्या आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, माहेर गिरगावचं. त्यामुळे ऑपेरा हा शब्द त्यांना परका नाही. ऑपेरा हाउसवरून त्या रोज शाळेत जायच्या आणि तिथं त्यांनी सिनेमेही पाहिलेत. १९११ साली पंचम जॉर्जने उद्घाटन केलेल्या त्या वास्तूत ऑपेरापेक्षा नाटकं आणि सिनेमेच जास्त नांदले. बरीच वर्षं बंद राहून ती २०१६ मध्ये पुन्हा उघडली, तेव्हा मात्र मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ तिथं गायल्या. हे मी आईंना सांगितलं. “म्हणजे मागे भांडण नव्हतं ना?” त्यांनी खात्री करून घेतली.

परातीतून गात होती ती मंडळी फिनलंडची. नाव नाइटविश. फिनलंडच्या पूर्वेला, रशियाच्या सरहद्दीजवळ, कितेए नावाचं तळ्याकाठचं छोटं गाव आहे. या गावाची जुनी ख्याती हातभट्टीच्या दारूची. दुसरी या वाद्यवृंदाची. १९९६ च्या उन्हाळ्यात तुओमास होलोपाइनेन या एकोणीस वर्षांच्या मुलाला मित्रांबरोबर शेकोटीपाशी बसलेला असताना वाटलं की अशी शेकोटीभोवती शोभतील तशी हळुवार गाणी करावीत. साधी गिटार, की-बोर्ड आणि एखादा बाईचा आवाज. गिटारीला एम्पू वुओरिनेन होता. गायला तुओमासने गावातल्याच तार्या तुरुनेनला बोलावलं. ती तेव्हा शास्त्रोक्त गाणं शिकत होती. सिबेलियस अकादमीच्या कुओपिओ शहरातल्या शाखेत. तिने आवाज लावला आणि शेकोटी विझली म्हणायची. एवढ्या मोठ्या आवाजाखाली ती साधी गिटार बिचारी बोळक्यासारखी दिसायला लागली. आता दुसऱ्या कुणी गायिका बदलली असती. या पोरांनी उलट केलं. आवाज एवढा मोठा आहे ना, मग मागचं सगळंच मोठं करू! म्हणून विजेच्या गिटारी आल्या, ड्रम आले, पुढे पैसे आल्यावर लंडनचा ऑर्केस्ट्राही आला. भांडण आधी आणि गळा नंतर, असं झालेलं नाही. गळ्याला पुरेल एवढं भांडण जमवलं गेलं.

मला या गोष्टीतलं सगळ्यात काय आवडतं, तर ती माणसं फिनलंडची आहेत हे. फिन माणूस अबोल म्हणून प्रसिद्ध. बसथांब्यावर दोघांमध्ये तिसरा उभा राहील एवढं अंतर ठेवणारा. आणि जेमतेम पंचावन्न लाख वस्तीच्या या अबोल देशात मेटलवाले इतके, की २०१६ मध्ये उत्तर युरोपातल्या देशप्रमुखांना व्हाइट हाउसमध्ये मेजवानी देताना ओबामांनीसुद्धा फिनलंडच्या दरडोई मेटल बँडचा विषय काढला. आम्ही सदाशिव पेठी माणसं बोलायला कमी नाही, पण आमचं बोलणं आणि त्यांचं न बोलणं एकाच कामाचं: आतलं बाहेर येऊ नये म्हणून. आमच्याकडे आनंद झाला तर ‘बरं झालं’ आणि दुःख झालं तर ‘चालायचंच’. या दोन शब्दांत तीन पिढ्या निघाल्या. माझे वडील गेले तेव्हा तेरा दिवस मी पाहुण्यांचा चहा बघत होते. चौदाव्या दिवशी ऑफिसला निघाले. बसमध्ये कानात तार्या होती. तिने एक स्वर असा काही वर नेला, की स्वारगेटचा थांबा गेला आणि पुढचेही दोन गेले. मी खिडकीबाहेर बघत होते. जे काय ओरडायचं होतं ते माझ्या वतीने कितेएच्या त्या मुलीने ओरडून टाकलं होतं.

असो. मेथीकडे येते.

पुढच्या रविवारी आई पेटी घेऊनच आल्या. त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा दिलेली आहे. लग्नामुळे विशारद राहिली, हे आम्हाला दर दिवाळीला ऐकायला मिळतं. “लाव तुझी ती,” म्हणाल्या, आणि भाता मारत सूर शोधायला लागल्या. बोट काळी चारवरून सरकत, वरचा षड्ज ओलांडून, पेटीच्या उजव्या टोकाला निघालं. “अगं, पट्टी संपली की!” मग जरा संशयाने: “चोरटा आवाज नाही ना?”

हा प्रश्न आपल्याकडचा. आपल्या बैठकीत छातीतून आलेला मोकळा आवाज खरा. वरच्या स्वरांना नाजूक, पोकळ आवाज काढून वेळ मारून नेली की तो चोरटा. ऑपेरावालीचा आवाज डोक्यात घुमतो हे खरं, पण तो पोकळ नसतो. मी काही उत्तर द्यायच्या आत आईंनीच निकाल दिला: “चोरटा असता तर त्या गोंगाटात कधीच बुडाला असता.”

यामागे एक शास्त्र आहे आणि ते मला फार आवडतं. योहान सुंडबर्ग या स्वीडिश संशोधकाने दाखवलं, की ऑर्केस्ट्राचा बहुतेक जोर खालच्या कंपनांत असतो, साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास, आणि तिथून वर तो ओसरत जातो. तालमीतला ऑपेरागायक घसा असा काही जुळवतो, की त्याच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या जवळ एक उंचवटा तयार होतो. म्हणजे ऑर्केस्ट्राशी तो ताकदीने झुंजतच नाही. जिथं ऑर्केस्ट्रा नाही त्या गल्लीतून निघून जातो. वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांची युक्ती आणखी निराळी. स्वर चढला की त्या जबडा उघडत नेतात आणि तोंडाच्या पोकळीची घुमण्याची जागा त्या स्वराशी जुळवतात. बाटलीच्या तोंडावर नेमकी फुंकर बसावी तसा आवाज फुकटात मोठा होतो. मेटलमधली गिटार मात्र लबाड. तिचा करकराट वरच्या गल्ल्यांतही पोहोचतो. म्हणून तिथं गायिकेला मायक्रोफोन लागतोच, आणि आवाज मिसळणारा माणूस गिटारींना ‘सरका जरा’ म्हणून तिच्यापुरती जागा करून देतो. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी करतात तसं.

या जबडा उघडण्याची एक किंमत आहे. तोंड एवढं उघडलं की इ, उ, ए या सगळ्यांचा आ होतो. शब्द कळत नाहीत. नाइटविशची इंग्रजी गाणी मी पहिली तीन वर्षं फिनिश भाषेतली समजून ऐकत होते. हॉस्टेलच्या नेटवर्कवर या संगणकातून त्या संगणकात उड्या मारत आलेल्या त्या फायलींना धड नावंही नव्हती. पुढे शब्द छापील पाहिले तेव्हा वाटलं, जबड्याने उपकारच केले होते. लांडगे, चंद्र, बर्फ, समुद्र, बुडालेली जहाजं आणि मेलेले प्रियकर. खोटं कशाला बोला, या प्रकारातलं निम्मं संगीत सुमारच असतं. स्वस्त की-बोर्डवर प्लास्टिकचे व्हायोलिन आणि उसनं दुःख. पण उरलेलं निम्मं ज्या निर्लज्ज थाटात येतं, त्याला माझा नमस्कार. संगीत नाटकात नाही का, नायिका ऐन संकटात थांबून आधी पद म्हणून घेते? तिथं आपण विचारतो का, बाई, वेळ काय, गातेस काय? आपण वन्स मोअर देतो.

आईंची खरी परीक्षा पाहिली ती एपिकाने. हे हॉलंडचे. त्यांची गायिका सिमोन सिमोन्स मधासारखी गाते, आणि तिच्या बोलण्याला उत्तर म्हणून मार्क यान्सेन नावाचा गृहस्थ पोटातून गुरगुरतो. सुंदरी आणि राक्षस असा हा जोडीचा मामला नव्वदीतल्या युरोपात रुजला. दशावतार पाहिलेल्या माणसाला त्यात नवं वाटायचं कारण नाही. संकासुर आल्याशिवाय रंग कुठला? आईंनी गुरगुरणं ऐकलं. “हा कोण?”

“तिच्याबरोबर गातो. चाली पण करतो.”

“त्याला ज्येष्ठमध दे म्हणावं.”

नाटकमंडळी म्हटली की फूट आलीच. आपली किर्लोस्कर मंडळी फुटून १९१३ साली बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी निघाली, तसं यांचंही. नाइटविश ऐन भरात असताना, २१ ऑक्टोबर २००५ ला हेलसिंकीतला तुडुंब भरलेला कार्यक्रम संपल्यावर, चार पुरुषांनी तार्याच्या हातात एक पत्र ठेवलं: आता तू आमच्यात नाहीस. आणि तेच पत्र जगजाहीरही केलं. त्यावरून चाहत्यांत जी भांडणं लागली ती अजून मिटलेली नाहीत. ती माझ्याही मनात मिटलेली नाहीत, कारण मी तार्याच्या बाजूची आणि गाणी मात्र तुओमासची आवडतात. मग स्वीडनची आनेट ओल्सोन आली. ऑपेराची नव्हे, सरळ साध्या गळ्याची. तिला लोकांनी शेवटपर्यंत सावत्र आईसारखं वागवलं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यातच तिचं आणि मंडळींचं बिनसलं, आणि घाईघाईने हॉलंडहून फ्लोर यान्सेनला विमानात बसवलं. नायिका ऐनवेळी बदलून नाटक उभं करण्याचे किस्से आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हिने अख्खी रात्रभराची गाणी दोन दिवसांत उभी केली. पुढच्या वर्षी उत्तर जर्मनीतल्या वाकेन गावी, जिथं हजारो माणसं चिखलात उभी राहून जत्रा करतात, तिने दहा मिनिटांचं ‘घोस्ट लव्ह स्कोअर’ गायलं. शेवटी ती इतकी वर गेली की तुओमास की-बोर्डमागून तिच्याकडे बघताना दिसतो. परातीतून वाजत होतं ते हेच.

आईंना मी हा सगळा इतिहास सांगितला. त्यांना पत्राचा भाग पटला नाही. “तोंडावर सांगायचं,” म्हणाल्या. “आणि एकत्र आले का पुन्हा? आपल्याकडे संयुक्त मानापमान झालं होतं.” १९२१ चं ते: बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे राजे, टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर. मी म्हटलं, संयुक्त नाइटविश काही झालं नाही. पण पत्र देणाऱ्या चौघांतला मार्को हिएताला पुढे स्वतः मंडळी सोडून बाहेर पडला आणि २०२४ मध्ये तार्याबरोबर पुन्हा गायला. “मग झालं तर,” म्हणून त्यांनी ते प्रकरण मिटवलं.

गेल्या रविवारी मी शेवटचं अस्त्र काढलं. २०१५ साली नाइटविशने उत्क्रांतीवर एक गाणं केलं. पृथ्वी तयार होण्यापासून माणसापर्यंत सगळं त्यात येतं, आणि मध्ये मध्ये निरूपणाला साक्षात रिचर्ड डॉकिन्स, म्हणजे जन्मभर उत्क्रांती समजावून सांगणारे प्राणिशास्त्रज्ञ, डार्विनचं बोट धरून बोलतात. आई मन लावून ऐकत होत्या.

“कीर्तनच आहे की,” त्या म्हणाल्या. “हा पूर्वरंग झाला. केवढं आहे?”

“चोवीस मिनिटं.”

त्यांनी पेटी बाजूला सारली, आत गेल्या आणि मटाराची पिशवी घेऊन आल्या. चोवीस मिनिटांत दोघींचे मिळून दोन किलो मटार सोलून होतात.