क्लॉजकाका

चिखलीत साने चौकातून आत वळलं की ज्या नव्या सोसायट्या लागतात, त्यातल्या प्रत्येकीत जिमचं एक यंत्र बंद असतं आणि एक क्लॉजकाका चालू असतो.

आमचे क्लॉजकाका चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. उभी हयात माल रिजेक्ट करण्यात गेली. रिटायर झाल्यावर समोर पार्ट येणं थांबलं, पण हात थांबेना. मग त्यांनी लोकांच्या प्रवास विम्याच्या पॉलिस्या तपासायला घेतल्या. टीपॉयवर कागद पसरायचा, ओळीखाली स्टीलची पट्टी धरायची, निरोप समारंभात मिळालेलं भिंग डोळ्याला लावायचं. ठळक अक्षरं ते वाचतच नाहीत. ‘‘ते विकायला छापलंय. आपलं काम इथं,’’ म्हणत पट्टी थेट ‘कशाचे पैसे मिळणार नाहीत’ या पानावर जाते. पटलं की हिरवी टिक, खटकलं की लाल फुली. फुली मारताना चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते टिक मारताना नसतं.

दिवाळीला लातूर-नांदेडकडे निघालेली पोरंही सुटत नाहीत.

‘‘रेल्वेचं तिकीट काढताना विम्याची टिक केलीस?’’

‘‘कसली टिक, काका?’’

‘‘अरे 45 पैसे!’’ आणि हॉटेलातला पोऱ्या मेनू सांगतो त्या सुरात, ‘‘मृत्यू 10 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व साडेसात लाख, दवाखाना 2 लाख. खिडकीवरच्या तिकिटाला नाही, ऑनलाइनलाच. नंतर मेसेज येतो, त्यात वारसाचं नाव भरायचं. भरलंस?’’

पोराचा नुकताच साखरपुडा झालेला. ते लाजलं.

‘‘सध्या आईचं टाक,’’ काका म्हणाले.

तळवड्याच्या आयटी पार्कातली चौकडी बँकॉकला निघाली, तेव्हा एकाने ऐटीत सांगितलं की कंपनीचा मेडिक्लेम आहे. काकांनी तो मागवून घेतला. उपचार फक्त भारतात. फुली. मग घाईघाईने घेतलेली स्वस्तातली पॉलिसी आली. ‘‘तिथं स्कूटर भाड्यानं घेणार? त्या देशात चालेल असं लायसन्स आहे? नाही? रिजेक्ट. पिऊन चालवणार? डबल रिजेक्ट.’’ पोरं गेली ती टॅक्सीनंच फिरली म्हणतात. मला शंका आहे.

खरा रंग भरतो तो युरोपच्या टूरवाल्या जोडप्यांमुळे. बी-विंगचे साहेब आणि वहिनी फाइल घेऊन आले.

‘‘साहेब, बीपीची गोळी?’’

‘‘अर्धीच घेतो हो.’’

‘‘अर्ध्या गोळीचं बीपी पण बीपीच. फॉर्मवर लिहिलंय?’’

‘‘एजंट म्हणाला, नका लिहू, प्रीमियम वाढेल.’’

‘‘एजंट येणार आहे पॅरिसला?’’

‘‘साखर पण आहे त्यांना,’’ वहिनींनी भर घातली. साहेबांनी वहिनींकडे असं पाहिलं, की टूर तिथंच रद्द होते की काय असं वाटलं.

मग काकांचा तास सुरू झाला. आजार लपवला तर क्लेमच्या वेळी कंपनी जुनी कागदपत्रं मागते, आणि तुमची अर्धी गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीत पूर्ण नावानिशी बसलेली असते. लिहिला तरी सरसकट सगळं मिळत नाही. बऱ्याच पॉलिस्यांमध्ये जुन्या आजाराला जिवावर बेतलं तरच हात, तोही ठरलेल्या मर्यादेत. 30,000 युरोचं कवच ही शेंगेन व्हिसाची किमान अट आहे, तुमच्या हृदयाचं एस्टिमेट नव्हे. डिडक्टिबल म्हणजे बिलातला पहिला ठरावीक वाटा आपल्या खिशातून. आणि दवाखान्यात भरती व्हायच्या आधी पॉलिसीवरच्या नंबरला फोन. ‘‘तो नंबर बॅगेत ठेवायचा नाही. बॅग हरवते.’’

‘‘बॅग उशिरा आली तर?’’ वहिनी.

‘‘लिहिलेत त्यापेक्षा जास्त तास लागले, तर तिथं घेतलेल्या गरजेच्या वस्तूंचे पैसे. पावती हवी.’’

‘‘आणि हरवलीच, तर आतल्या लोणच्याचं काय?’’

पट्टी सरकली. ‘‘नाशवंत माल. नाही.’’

‘‘नाशवंत? आमचं लोणचं दोन वर्षं टिकतं!’’

काका पट्टी धरून बराच वेळ बसले. शेवटी म्हणाले, ‘‘डेव्हिएशनवर पास.’’ नोकरीत हा शब्द त्यांनी मोठ्या साहेबाचा फोन आल्याशिवाय वापरला नव्हता म्हणे.

टाळगाव चिखली एका बाजूला देहू आणि दुसऱ्या बाजूला आळंदी धरून आहे, तेव्हा वारी काकांना चुकत नाही. 2023 मध्ये राज्य सरकारने वारकऱ्यांसाठी ‘विठ्ठल-रुक्मिणी विमाछत्र योजना’ जाहीर केली, 30 दिवसांपुरती. त्या वर्षी काकांनी टाळाबरोबर तिचे आकडेही वाजवले. मृत्यूला 5 लाख, कायमच्या अपंगत्वाला 1 लाख, अंशतः असेल तर 50 हजार, आजारपणाच्या खर्चाला 35 हजारांपर्यंत. दिंडीतल्या एका मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘माउली, पाय लई दुखत्यात. त्याला काय मिळंल?’’

‘‘पाय दुखणं हा अपघात नाही, मावशी.’’

‘‘मग तेल तरी द्या.’’

काकांनी तेल दिलं.

यंदा काकांची पाळी आली. लेक स्टुटगार्टला असते, तिनं दोघांना बोलावलंय. ‘पूर्वीपासूनचे आजार’ या रकान्यात एजंटाने सवयीने ‘नाही’ लिहिलं होतं. काकांनी ते खोडलं आणि पुरवणी जोडली. बीपी. साखर. उजव्या कानाला कमी ऐकू येतं, प्रेस शॉपमधल्या वर्षांमुळे. अंगठ्याला टाके, प्रशिक्षणार्थी असतानाचे. लहानपणी कुत्रा चावला, इंजेक्शनं पूर्ण. मूळव्याध, सध्या शांत. कंपनीने प्रत्येक मुद्द्याचे रिपोर्ट मागवले. कुत्र्याचे सोडून.

व्हिसाची तारीख तोंडावर आली, तसा एजंट रडकुंडीला येऊन घरी आला. ‘‘काका, एवढं कोण लिहितं हो?’’

‘‘रकाना तुम्हीच ठेवलाय.’’

आतून काकी चहा घेऊन आल्या. त्यांनी पुरवणी उचलली, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचली.

‘‘अहो, मुख्य आजार राहिलाच की,’’ त्या एजंटाला म्हणाल्या. ‘‘लिहा, वाद घालणं. लग्नाच्या आधीपासूनचा आहे, सासूबाईंनी सांगितलं नव्हतं.’’