ओकच्या झाडाची चौकशी: पीटर मोलिन्यू यांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री पीटरसाहेब मोलिन्यू, मुक्काम गिल्डफर्ड, इंग्लंड, यांसी कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, एका झाडाची चौकशी करायची होती. ‘फेबल’ या व्हिडिओ गेमचं काम चालू असताना तुम्ही सांगत होतात, की खेळाडूने ओकच्या झाडाचं बी पाडलं तर ते मातीत रुजेल, नायक मोठा होईल तसतसं तेही वाढेल, आणि शेवटी त्याचा वृक्ष झालेला दिसेल. गेम सप्टेंबर २००४ मध्ये आला. त्यात तलवारी होत्या, जादू होती, लग्न करायची सोय होती, कोंबडीला लाथ मारून लांब उडवायचीही सोय होती. फक्त ते बी नव्हतं. गेम वाईट होता असं कुणी म्हणत नाही. चांगलाच होता. पण एका चांगल्या गेममध्ये लोक झाड शोधत बसले आणि न सापडल्यावर गेमवरच रुसले. हे तुम्हालाच जमावं.

ऑक्टोबर उजाडता उजाडता तुम्ही जाहीर माफी मागितलीत. नुसती माफी नाही, व्रतही घेतलंत: यापुढे एखादी गोष्ट बनवून, तपासून झाल्याशिवाय बाहेरच्या जगाकडे तिचा उच्चार करणार नाही. त्या डिसेंबरच्या अखेरीस ब्रिटनची नववर्षाची सन्मानयादी आली आणि तीत तुमच्या नावापुढे ओबीई हा किताब लागला. व्रताचं फळ इतक्या लवकर आमच्याकडे सत्यनारायणालाही मिळत नाही.

साहेब, तुमच्या चरित्राचा मी भक्त आहे. १९८४ साली तुम्ही ‘द आंत्रप्रेन्युअर’ नावाचा व्यवसायाचा गेम काढलात. ऑर्डरींचा पाऊस पडणार अशी तयारी केलीत आणि आल्या दोन. त्यातली एक आपल्या आईची असावी, असा संशय तुम्हीच व्यक्त केलेला आहे. मग भागीदारासोबत टॉरस नावाची कंपनी काढून मध्यपूर्वेत बेक्ड बीन्स, म्हणजे डबाबंद उसळच म्हणा, निर्यात करू लागलात. कमोडोर कंपनीने नावात गल्लत केली. तिला हवी होती नेटवर्किंगमधली दुसरी टोरस. तिने उसळवाल्यांना बोलावून अमिगा संगणक देऊ केले, आणि गल्लत लक्षात आल्यावरही तुम्ही गप्प राहिलात. ही कथा तुम्ही स्वतः हसत हसत सांगता. तुमच्या आयुष्यातला सर्वात फायदेशीर प्रसंग गप्प राहण्याचा आहे, याकडे मात्र तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

त्या अमिगांच्या जोरावर पुढे बुलफ्रॉग उभी राहिली आणि १९८९ मध्ये ‘पॉप्युलस’ आला. खेळाडू देव, डोंगर उचलणं आणि दलदली करणं हे त्याचं काम, आणि खाली चिमुकली माणसं भक्ती करताहेत. गेमचा एक अख्खा प्रकार त्यातून जन्मला. मग १९९४ चा ‘थीम पार्क’, १९९७ चा ‘डंजन कीपर’. शेवटच्यात तर तुम्ही खेळाडूला खलनायक केलंत आणि भल्या माणसांना भुयारात गाठून चोपायला लावलंत. आमच्याकडे हे सगळं लॅमिंग्टन रोडवरच्या त्या विशिष्ट सीड्यांतून पोहोचलं, म्हणजे तुम्हाला त्यातून एक दमडी मिळाली नसणार. माझ्या पिढीची तुमच्याविषयीची कृतज्ञता अशी निखळ, बिनपैशाची आहे.

हे मुद्दाम लिहितो, कारण तुम्हाला थापाड्या म्हणून मोकळं होणं सोपं आहे. थापाड्याकडे ‘डंजन कीपर’ नसतो. तुमच्याकडे होता. म्हणून तर पुढचं लागतं.

पुढचं म्हणजे मायलो. व्रत घेऊन पाच वर्षंही झाली नव्हती. जून २००९, लॉस एंजेलिस, ई-थ्री प्रदर्शन. मायक्रोसॉफ्टचा नवा कॅमेरा, जो पुढे किनेक्ट नावाने विकला गेला, त्याच्या कौतुकासाठी तुम्ही मंचावर आलात आणि पडद्यावर एक मुलगा दाखवलात. मायलो. समोर उभी असलेली बाई त्याच्याशी गप्पा मारते. तिच्या आवाजावरून त्याला तिची मनःस्थिती कळते. ती पाण्यात हात घालते, पाणी हलतं. ती कागदावर मासा काढून कॅमेऱ्यासमोर धरते आणि मायलो पडद्याच्या आत तो कागद हातात घेतो! बघणाऱ्यांचे श्वास अडकले. पुढच्या वर्षी टेड व्याख्यानांच्या मंचावरही तुम्ही त्याला घेऊन गेलात आणि तिथे यात बरीचशी हातचलाखी आहे हे मोकळेपणाने कबूलही केलंत.

मायलो कधीच विक्रीला आला नाही. त्यामागच्या तंत्राचे काही तुकडे २०१२ च्या ‘फेबल: द जर्नी’त वापरले गेले असं सांगतात. तो गेम म्हणजे घोडागाडी हाकायची आणि हात हलवून जादू फेकायची. मनातलं ओळखणारा मुलगा गेला, घोडा उरला.

तुम्ही महाराष्ट्रात जन्मला असतात तर व्हिडिओ गेमच्या फंदात पडलाच नसतात. भूमिपूजनाला असा माणूस आम्हाला कायम लागतो. कुदळ मारावी, नारळ फोडावा, पुलाचं चित्र छापलेला फलक लावावा आणि पूल कसा दिसेल हे असं सांगावं की ऐकणारा मनातल्या मनात पलीकडे पोहोचून परतही यावा. पाच वर्षांनी त्याच फलकाखाली त्याच पुलाचं दुसरं भूमिपूजन.

एक उपकथा. थीम पार्कच्या वेळी तुमच्या हाताखाली डेमिस हसाबिस नावाचा सतरा वर्षांचा पोरगा होता. नंतर तुमच्या लायनहेड कंपनीतही तो काही काळ तुमच्याबरोबर होता. शिकणारं यंत्र बनवायचं त्याच्याही डोक्यात होतं. त्याने डीपमाइंड काढली आणि प्रथिनांची रचना संगणकाने ओळखून दाखवण्याच्या कामासाठी २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल भागीदारीत मिळवलं. तुमच्या मंचावरच्या मायलोला मासा ओळखता येतो की नाही, हे मात्र जगाला शेवटपर्यंत समजलं नाही.

तुमच्या कीर्तीला एक सावलीही होती. ट्विटरवर कुणी तुमच्या नावाची मोडतोड करून पीटर मोलिड्यू या नावाने खातं उघडलं आणि तुमच्या थाटात अचाट, हळव्या, अशक्य गेमच्या कल्पना लिहू लागला. मार्च २०१२ च्या अखेरीस जगभरातली मंडळी जमली आणि त्यांनी त्या नकली मोलिन्यूच्या कल्पनांवरून दोन दिवसांत खरेखुरे गेम बनवून टाकले. म्हणजे नकलेची आश्वासनं शनिवार-रविवारात पुरी झाली.

आता मुख्य विषय. त्याच वर्षी तुम्ही लायनहेड सोडून ट्वेंटीटूकॅन्स काढलीत आणि नोव्हेंबरात ‘क्युरिऑसिटी’ नावाचं मोबाइलवरचं ॲप आणलंत. पांढऱ्या खोलीत एक प्रचंड घन, त्यावर अब्जावधी चिमुकले ठोकळे. जगातल्या सगळ्यांनी बोटाने टिचक्या मारून थरामागून थर उडवायचे. अगदी आतला शेवटचा ठोकळा जो फोडेल त्याला आत काय आहे ते दिसणार, आणि ते म्हणे आयुष्य बदलणारं असणार. लोक इतके तुटून पडले की तुमचे सर्व्हर कोसळले. मी याला तुमची सर्वोत्तम कलाकृती मानतो. बाकी सगळ्या गेममध्ये उत्सुकतेभोवती काहीतरी गेम असायचा, इथे तोही काढून टाकलात.

२६ मे २०१३ ला शेवटचा ठोकळा फुटला. फोडणारा होता एडिनबर्गचा अठरा वर्षांचा तरुण, आणि त्याने ॲप उतरवून जेमतेम तासभर झाला होता. महिनोन्‌महिने टिचक्या मारणाऱ्यांचं काय झालं असेल ते सोडा. बक्षीस काय होतं? तुमच्या पुढच्या ‘गोडस’ या गेममध्ये तो देवांचा देव होणार, नियम ठरवणार, आणि त्या गेमच्या कमाईतला छोटा वाटाही त्याला मिळणार.

या ‘गोडस’साठी तुम्ही २०१२ च्या शेवटी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर साडेचार लाख पौंडांची झोळी पसरली होतीत. आपणच ‘पॉप्युलस’ बनवणारे, आपणच तो प्रकार पुन्हा जिवंत करणार, हा तुमचा दावा, आणि तो खोटा म्हणायला कुणाची छाती होती? सतरा हजारांवर लोकांनी मिळून सव्वापाच लाख पौंडांहून जास्त दिले. मुदत तुम्ही सांगितली होतीत सात ते नऊ महिने.

पुढची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचकांसाठी लिहितो. अपुरा गेम स्टीम या ऑनलाइन दुकानात विकायला आला. मोबाइलवरही आला, आणि तिथे रत्नं विकत घ्या नाहीतर वाट बघत बसा असा कारभार. मौज म्हणजे २०१४ साली दुसऱ्या कंपनीने तुमच्या जुन्या ‘डंजन कीपर’चं मोबाइल रूप काढून वाट बघण्याचे पैसे लावले, तेव्हा ते हास्यास्पद आहे असं म्हणणाऱ्यांत तुम्हीही होतात. २०१५ च्या सुरुवातीला ‘गोडस’चा नवा प्रमुख डिझायनर, जो स्वतः एक वर्गणीदार म्हणून आला होता, त्याने लिहून टाकलं की किकस्टार्टरवर कबूल केलेलं सगळं पुरं होईल असं त्याला दिसत नाही. तुम्ही तोवर दुसऱ्या गेमकडे वळला होतात.

आणि देवांचा देव? त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत युरोगेमर या संकेतस्थळाने त्याला शोधून काढलं. पैसा मिळाला नव्हता, देवपद मिळालं नव्हतं, कंपनीकडून निरोप यायचेही बंद झाले होते. वाटा मिळायचा तो अनेकांनी मिळून खेळायच्या भागातून, आणि तो भाग बनलाच नव्हता. तुम्ही माफी मागितलीत. रॉक पेपर शॉटगन या संकेतस्थळाच्या पत्रकाराने मुलाखतीचा पहिलाच प्रश्न तुम्हाला असा विचारला, की तुम्ही सराईत खोटं बोलणारे आहात का. तो प्रश्न मला असभ्य वाटला आणि चुकीचाही. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं. तुम्ही बोलताना तुम्हाला झाड दिसतच असतं, हाच तर सगळा घोटाळा. त्याच दिवसांत तुम्ही गार्डियनला सांगितलंत की आता संपलं, यापुढे पत्रकारांशी बोलणार नाही. व्रत क्रमांक दोन.

साहेब, विनोद बाजूला ठेवून एकच हिशेब मांडतो. ओकचं बी आणि मायलो यांचा राग मला येत नाही. तेव्हा पैसे मायक्रोसॉफ्टसारख्यांचे होते. त्यांच्याकडे वकील असतात, हिशेबनीस असतात, काम आवडलं नाही तर ते गाशा गुंडाळायला लावतात. शिवाय तुमच्या प्रत्येक वाक्याचं मुखपृष्ठ करणारी नियतकालिकंही त्या धंद्यात सामील होती. दुकानात आलेल्या गेमचं परीक्षण वाचून घ्यायचा की नाही, हे गिऱ्हाईकाला ठरवता येत होतं. २०१२ नंतर तुम्ही तेच बोलणं तसंच चालू ठेवलंत, पण समोरचा माणूस बदलला होता. आता समोर वकील नसलेला, पंचवीस-तीस पौंड देणारा चाहता होता, आणि त्याच्याकडे तुमच्या शब्दाखेरीज काहीच नव्हतं. मोठं स्वप्न बघून आपटणं हा गुन्हा नाही, या धंद्यात तर तो शिरस्ताच आहे. सात ते नऊ महिने हे स्वप्न नव्हतं, ती मुदत होती.

‘गोडस’ आणि त्याचं पिल्लू ‘गोडस वॉर्स’ २०२३ च्या डिसेंबरात स्टीमवरून काढून घेण्यात आले, तेव्हाही ते अपुरेच म्हणून नोंदलेले होते. त्याआधी २०२१ मध्ये तुम्ही ब्लॉकचेनवरचा ‘लेगसी’ जाहीर केलात आणि गेम येण्याआधीच त्यातल्या काल्पनिक जमिनीचे तुकडे ४ कोटी पौंडांच्या वर विकले गेले. इथे मात्र आम्ही मराठी माणसं तुम्हाला काही शिकवू शकलो असतो. एनए प्लॉटच्या नावाखाली नुसता डोंगर विकणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण त्यांना निदान डोंगर तरी दाखवावा लागतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलोनच्या गेम्सकॉम प्रदर्शनात तुम्ही ‘मास्टर्स ऑफ अल्बियन’ जाहीर केलात. पुन्हा देव, पुन्हा चिमुकली माणसं, आणि हा आपला शेवटचा गेम असंही तुम्ही म्हणालेले आहात. तो उत्तम निघावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. तुमच्या हातात अजून एक ‘डंजन कीपर’ असू शकतो, हे तुमच्या निंदकांनाही आतून ठाऊक आहे. म्हणून तीन विनंत्या. पहिली, एडिनबर्गच्या त्या तरुणाचा वाटा कुठल्या भागातून निघतो याचा काथ्याकूट न करता तुमच्या खिशातून देऊन टाका. दुसरी, २००४ चं व्रत कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा: बनवा, तपासा, मग बोला. आणि तिसरी, या पत्राला उत्तर देऊ नका, कारण उत्तरात एखादं नवं आश्वासन असेल आणि माझा त्यावर लगेच विश्वास बसेल.

वाचकहो, तुम्हालाही एक सांगणं. गेम कुणाचाही असो, तो पुरा झाल्यावर, चार परीक्षणं वाचून विकत घ्या. आगाऊ पैसे भरू नका.

कळावे. लोभ आहेच, तो वाढवू नये ही विनंती.

आपला,
एक जुना भक्त