डोक्याला हात

केसांवर लिहायचा अधिकार मला नाही. माझ्या डोक्यावरचं पीक चाळिशीच्या आतच आटोपलं आणि शिकागोचा हिवाळा मी एका कानटोपीवर काढतो. पण आमच्या वरच्या मजल्यावरची शेजारीण आफ्रिकन-अमेरिकन आहे आणि जानेवारीत कराडहून माझी आई आली होती. या दोघींच्या मध्ये दुभाषा म्हणून उभं राहिलं की टकल्या माणसालाही केशशास्त्र अवगत होतं.

आई जानेवारीत का आली, तर तिकीट स्वस्त होतं. ते स्वस्त का होतं, हे विमानतळाबाहेर पाऊल टाकताच तिला कळलं. 2019च्या जानेवारीत इथला पारा उणे 30 अंशांच्या खाली गेला होता, त्या मानानं आज उकाडाच आहे, असं मी सांगून पाहिलं. तिनं शालीतून नुसते डोळे दाखवले.

शेजारीण जिन्यात भेटली ती नव्या वेण्या घालून. बारीक बारीक, दोरीसारख्या, कमरेपर्यंत. बॉक्स ब्रेड्स म्हणतात त्या. आईचा थंडीनं आखडलेला हात शालीतून बाहेर आला आणि वेण्यांच्या दिशेनं निघाला. मी तो वरच्यावर झेलला.

"अरे, नुसतं बघते."

"आई, बघतात डोळ्यांनी."

आपल्याकडे दुसऱ्याचं डोकं ही सार्वजनिक मालमत्ता. लग्नाच्या मांडवात कोणतीही काकू मागून येऊन शेपटा हातात धरते, वजन केल्यासारखा तोलते आणि "किती गं पातळ झाली!" असं जाहीर करून जेवायला जाते. इथे काळ्या बाईच्या केसांना न विचारता हात लावणं म्हणजे मोठा अपराध, कारण अनोळखी लोक तेच करत आले आहेत. 2016 साली सोलांज या गायिकेनं 'डोन्ट टच माय हेअर' नावाचं गाणंच काढलं. आईला मी हे समजावलं. तिनं मान डोलावली आणि हात शालीत ठेवला, पण तो आत शिवशिवत होता, हे शालीवरून दिसत होतं.

पुढे शेजारीण चहाला आली. तिनं जे सांगितलं ते मला पहिल्यांदाच नीट कळलं. थंड हवेत बाष्प मावतं थोडं. तीच हवा घरात घेऊन तापवली की ती आणखी तहानेली होते आणि मिळेल तिथून ओलावा शोषते. त्यात दाट कुरळ्या केसाला मुळात तेल कमी पोचतं. टाळूवरचं तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं, पण गुंडाळीगुंडाळीचा केस असला की वाटेतच थांबतं. टोकं कोरडी राहतात, प्रत्येक वळणावर केस तुटायला टपलेला. वर लोकरी टोपी घासणार, मफलर घासणार, रात्री सुती अभ्रा उरलंसुरलं तेल पिणार. म्हणून हिवाळ्यात केस वेण्यांत किंवा पिळांत बंद करायचे, टोकं आत दडवायची, टोपीला आतून सॅटिनचं अस्तर लावायचं, रात्री सॅटिनची टोपी घालून झोपायचं आणि पुढचे काही आठवडे केसांच्या वाटेला जायचं नाही.

"वाटेला जायचं नाही" हे आईला पटेना. केस म्हणजे रोज संध्याकाळी समोर बसवून, ओढून, तेल चोपडून सुतासारखे सरळ करायची गोष्ट. तिनं कराडहून आणलेली खोबरेलाची बाटली पुढे केली. ती खिडकीत राहिल्यामुळे तिची मेणबत्ती झाली होती. शेजारणीनं हसून ती रेडिएटरवर ठेवली. "तेल मीही लावते," ती म्हणाली, "पण आधी पाणी, मग तेल. तेलानं ओलावा येत नाही, आलेला टिकतो." आईच्या साठ वर्षांच्या चंपीशास्त्रावर हा सरळ हल्ला होता. दुभाषा या नात्यानं मी त्यातलं अर्धंच पोचवलं.

या वेण्या घालून देते एक सेनेगलची बाई. सकाळी बसलेलं गिऱ्हाईक दिवे लागल्यावर उठतं. शेवटी कृत्रिम केसांची टोकं उकळत्या पाण्यात बुडवतात, म्हणजे वेण्या सुटत नाहीत. आईला हे सगळं मान्य होतं. तिची शंका वेगळी. "मग त्या दिवशी स्वयंपाक कोण करतं?" शेजारीण म्हणाली, बाहेरून मागवतो. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही सोय मी इतकी वर्षं तिच्यापासून लपवून ठेवली होती.

वेण्यांचं राजकारण मात्र आईला उलटंच वाटलं. तिच्या शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी नसल्या की मुलीला वर्गाबाहेर उभं करत. इथे वेण्या घातल्या म्हणून बाहेर काढत. नोकरीतही तीच कथा. केसांवरून होणारा हा भेदभाव थांबवायला कॅलिफोर्नियानं 2019 साली कायदा केला, तो अमेरिकेतला पहिला. शिकागोत तर एका शाळेनं चार वर्षांच्या पोराच्या वेण्यांना हरकत घेतली, तेव्हा इलिनॉयनं 2021 मध्ये शाळांसाठी कायदा केला. "चार वर्षांच्या पोराला वेण्या घालून बसवलं," आई म्हणाली, "त्या आईला बक्षीस द्यायचं सोडून!" तिनं मला त्या वयात न्हाव्यापुढे बसवण्याचा खटाटोप केला होता, त्या अनुभवाचे हे बोल.

आणि मग तो दिवस आला. वेण्या सोडवायच्या होत्या, नेहमी मदतीला येणारी बहीण बर्फात अडकलेली. शेजारीण खाली आली आणि तिनं स्वतःच विचारलं, "आँटी, तुम्ही मदत कराल?"

मी भाषांतर करायच्या आत आई शेपटीचा कंगवा घेऊन सोफ्यावर बसलेली होती.

पोरीला खाली बसवून तिनं पाचसहा तास एकेक वेणी उसवली. ओढाताण नाही, घाई नाही. एकदाच घाबरली. सुटलेली बट ताणली तर खांद्यापर्यंत आली, त्यावर पाण्याचा फवारा मारला, तर सुर्रकन कानापाशी! आपल्या हातून केस गेले, असं वाटून आईनं देवाचं नाव घेतलं. शेजारीण हसून हसून लोळायची बाकी होती. ओला झाला की हा केस आक्रसतोच.

हातात आलेली कृत्रिम केसांची झुंबाडं बघून आईनं विचारलं, खरे केस कुणी लावतं का? लावतात की. शिवून लावायचे लांब केस पुष्कळदा भारतातून येतात. ख्रिस रॉक या विनोदवीरानं 2009 साली 'गुड हेअर' नावाचा माहितीपट केला, त्यात तो या केसांचा माग काढत थेट भारतात, देवाला वाहिलेल्या केसांपाशी पोचतो. तिरुपतीला भक्तांनी उतरवलेल्या केसांचा लिलाव होतो, हे मीही सांगितलं.

आई गप्प झाली. माझ्या थोरल्या मावशीनं मुलाच्या नोकरीसाठी तिरुपतीला केस दिले होते. गुडघ्यापर्यंतचे, जाड, किंचित पिंगट.

त्यानंतर आईला लोकल गाडीनं नेणं अवघड झालं. समोरच्या प्रत्येक लांबसडक केसांच्या बाईकडे ती मान वाकडी करून बघे. "हे नव्हेत. ताईचे जाड होते." एकदा डाउनटाउनला उतरताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं. त्याच रात्री कराडला फोन गेला.

"ताई, तुझे केस सापडले बहुतेक. एका वकीलबाईला लावलेत. छान निगा ठेवलीये हो, टोपीला आतून सॅटिनसुद्धा."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग मावशीचा आवाज: "ते असू दे. कितीला गेले, ते विचारलंस का?"